ओव्हलसमोरच्या जुन्या इमारतीत एसी बसवायचे आहेत. दर्शनी भाग कसा सांभाळावा?

ओव्हलकर (प्रश्न)

सप्रेम नमस्कार. आमची सोसायटी मुंबईत ओव्हल मैदानाच्या पश्चिमेकडील रांगेत आहे. इमारत १९३० च्या दशकातील, गोलाकार कोपरे व आडव्या रेषांच्या आर्ट डेको शैलीची, तळमजला अधिक पाच मजले आणि सतरा सदनिका अशी असून ती महापालिकेच्या वारसा यादीत दुसऱ्या श्रेणीत आहे. २०१८ साली मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूहाला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले, तेव्हा त्या ९४ इमारतींत आपलीही आहे म्हणून आम्ही जिन्यात पेढे वाटले होते. त्याच जिन्यात गेल्या महिन्यात भांडण झाले, आणि त्यामुळेच हा प्रश्न विचारीत आहे.

दुसऱ्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या कुटुंबाने दुकानातून एसी घेतला. बसवणारी दोन मुले सकाळी अकराला आली आणि दुपारी चारपर्यंत काम उरकून गेलीसुद्धा. खिडकीवरच्या छज्जावर चार बोल्ट मारून त्यांनी लोखंडी अँगल बसवला, आणि तांब्याच्या नळीसाठी भिंतीला जे भोक पाडले ते नेमके दर्शनी भागावरच्या तीन आडव्या उठावदार पट्ट्यांपैकी मधल्या पट्टीतून गेले. त्या पट्ट्या इमारतीच्या गोलाकार कोपऱ्यावरून वळून दुसऱ्या बाजूला जातात; समोरून पाहिले की नजर आपोआप त्यांच्यामागे जाते. आता मधल्या पट्टीत चार बोटे रुंदीचे भगदाड असून भोवती पांढऱ्या सिमेंटचे थिगळ आहे. पहारेकऱ्याला वाटले, कार्यकारिणीची परवानगी असेल. त्या कुटुंबाचे म्हणणे असे की समोरच्या बाजूला आधीच तेवीस बाहेरची युनिटे आणि सहा विंडो एसी लटकत असताना चोविसाव्यालाच वारसा का आठवावा, आणि खरे सांगायचे तर याला माझ्यापाशी उत्तर नाही.

सरसकट बंदी घालणे शक्य नाही. पहिल्या मजल्यावर दम्याचा त्रास असणाऱ्या ब्याऐंशी वर्षांच्या आजी आहेत; मे महिन्यात त्यांना खिडक्या उघड्या ठेवून झोपवा असे सांगणे मला जमणार नाही. पुढील वर्षी इमारतीचे रंगकाम आणि डागडुजी व्हायची आहे, म्हणून त्याआधी काही धोरण ठरावे अशी इच्छा आहे. एसी बसवण्यालासुद्धा परवानगी लागते का, युनिटे कुठे ठेवावीत आणि आज जी समोर आहेत त्यांचे काय करावे, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

कोनमापी

मी संवर्धनाचे काम करणारा वास्तुविशारद आहे. आपला प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा तरी ऐकावा लागतो, आणि बहुतेक वेळा तो भोक पडल्यानंतरच येतो.

आधी नियमाविषयी. मुंबईत १९९५ साली वारसा नियमावली लागू झाली. आज त्या तरतुदी विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ मधील विनियम ५२ मध्ये आहेत. मूळ नियमाची भाषा पुष्कळ व्यापक आहे. यादीतील वास्तूमध्ये भर घालणे, फेरफार करणे, दुरुस्ती करणे, एवढेच काय पण रंग देणे, गिलावा करणे किंवा वास्तूचे एखादे वैशिष्ट्य बदलणे यासाठीसुद्धा महापालिका आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते आणि आयुक्त त्याबाबत मुंबई वारसा संवर्धन समितीचा सल्ला घेतात. दुसऱ्या श्रेणीत आतील बदलांना बऱ्याच अंशी मुभा असते, पण बाहेरच्या रूपाची छाननी कडक असते. म्हणून घराच्या आत भिंतीवर लावलेले युनिट हा वादाचा विषय होत नाही. वाद बाहेर येणाऱ्या नळीपासून सुरू होतो. प्रत्येक सभासदाने स्वतंत्र अर्ज करत बसण्यापेक्षा सोसायटीने संपूर्ण इमारतीचा एकच आराखडा वास्तुविशारदामार्फत सादर करावा. पुढच्या वर्षीच्या रंगकामासाठी आपल्याला तसेही त्याच दारात जायचे आहे.

आता छज्जाविषयी, कारण मला भोकापेक्षा त्याची अधिक काळजी वाटते. आपल्या इमारतीचे छज्जे म्हणजे भिंतीतून बाहेर आलेले, दुसऱ्या टोकाला कुठलाही टेकू नसलेले पातळ काँक्रीटचे तुकडे आहेत. अशा स्लॅबमध्ये ताण वरच्या अंगाला येतो, म्हणून मुख्य सळया वरच्या पृष्ठभागाच्या लगत, भिंतीकडून बाहेर जाणाऱ्या असतात. वरून ड्रिल मारणाऱ्या माणसाला नेमकी तीच सळई लागते, आणि नाही लागली तरी तिच्यावरचे काँक्रीटचे कवच फुटतेच. त्यावर तीस-पस्तीस किलोचे थरथरणारे यंत्र ठेवायचे आणि खाली पदपथावरून माणसे चालत असायची! हे काँक्रीट ऐंशी-नव्वद वर्षांचे आहे, समुद्र हाकेच्या अंतरावर आहे, आणि खारी हवा व ओल मिळाली की आतले लोखंड गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा घेतो, त्यामुळे काँक्रीटचे पोपडे सुटतात. एसीचे पाणी ज्या छज्जावर रोज ठिबकते तिथे हा प्रकार वर्षभर पावसाळा असल्यासारखा चालू राहतो. आपण एकदा दुर्बीण घेऊन मैदानातून पाहा. सर्वांत वाईट पोपडे जुन्या विंडो एसींच्या खालीच दिसतील, असा माझा अंदाज आहे.

दुसऱ्या मजल्यावरचा अँगल आधी काढून घ्यावा. बोल्टची भोके उघडी न ठेवता संरचना अभियंत्याकडून तपासून, योग्य दुरुस्ती-मिश्रणाने भरून घ्यावीत. पट्टीचे थिगळ मात्र घाईने पुन्हा करू नये. रंगकामाच्या वेळी बाजूच्या अखंड पट्टीचा साचा काढून, मूळ गिलाव्याच्या पोताशी जुळवून ते करता येते.

युनिटे कुठे ठेवावीत याचे सोपे उत्तर मागची बाजू आणि गच्ची. गच्चीबाबत एक गोष्ट लोक विसरतात. इमारतीच्या पायथ्याशी उभे राहून वर पाहिले तर कठड्यामागचे काही दिसत नाही, म्हणून सगळे समाधानी होतात. आपल्यासमोर मैदान आहे. जवळून जे झाकले जाते ते लांबून उघडे पडते. मैदानापलीकडे राजाबाई टॉवरच्या बाजूच्या पदपथावर उभे राहून पाहावे आणि कठड्यापासून किती आत गेल्यावर सहा फूट उंचीचे यंत्र दिसेनासे होते ते ठरवावे. एका माणसाला हातात बांबू देऊन गच्चीवर मागेमागे चालायला लावले की अर्ध्या तासात काम होते.

एसीला वारसाप्रेमी मंडळी नाके मुरडतात, त्यांच्यासाठी जाता जाता एवढेच सांगतो की १९३३ सालचे रीगल चित्रपटगृह सुरुवातीपासून वातानुकूलित होते. आर्ट डेको ही शैलीच मुळात लिफ्ट, वीज आणि यंत्रांच्या कौतुकातून आलेली आहे, त्यामुळे यंत्राशी तिचे वैर असण्याचे कारण नाही.

थंडोबा

कोनमापी यांच्या छज्जाविषयीच्या मताशी पूर्ण सहमत आहे. परंतु ‘मागची बाजू आणि गच्ची’ हे वास्तुविशारद एका वाक्यात लिहितात आणि नंतर आम्हा वातानुकूलनवाल्यांना नळी घेऊन धावावे लागते, म्हणून काही आकडे मांडतो.

घरगुती स्प्लिट एसीमध्ये आतले व बाहेरचे युनिट यांच्यामधील नळीची कमाल लांबी बहुधा पंधरा मीटरच्या आसपास आणि उंचीतील फरक दहा मीटरच्या आसपास असतो. नेमका आकडा त्या त्या यंत्राच्या पुस्तिकेत दिलेला असतो. त्यापुढे गेल्यास थंडावा कमी होतो आणि काँप्रेसरचे तेल परत येण्यात अडचण येते. आपल्या इमारतीत मजल्याची उंची सव्वातीन-साडेतीन मीटर धरली तर उभ्या अंतरापुरता हिशेब बरा बसतो: तिसरा, चौथा व पाचवा मजला गच्चीकडे, आणि तळमजला, पहिला व दुसरा मजला मागच्या अंगणाकडे. अडचण समोरच्या खोल्यांची आहे. मैदानाकडच्या शयनगृहापासून मागच्या भिंतीपर्यंतच आठ-दहा मीटर जातात आणि मग खाली किंवा वर सात-आठ मीटर. म्हणजे पंधराची मर्यादा ओलांडली. या खोल्यांसाठी एका मोठ्या बाहेरच्या यंत्रावर अनेक आतली युनिटे चालवणारी व्हीआरएफ पद्धत लागते. तिच्यात नळ्या शंभर मीटरहून लांब नेता येतात. ती महाग आहे हे खरे, पण तीन सदनिकांनी मिळून एक यंत्र घेतले तर छातीत धडकी भरेल एवढा खर्च येत नाही.

नळ्या आतून कशा न्यायच्या? त्या काळातील घरांत न्हाणीघरावर किंवा बोळावर माळा असतो. आपण त्याला अडगळीची जागा मानतो. मला तो आयता डक्ट वाटतो. दिवाणखान्याच्या छताची नक्षी न फोडता माळ्यावरून मागच्या भिंतीपर्यंत नळी जाते. दरवाजावर झडपांची जुनी व्हेंटिलेटर असतील तर त्यांच्या एका कोपऱ्यातील काच काढून तिथून नळी नेता येते आणि उद्या काच परत बसवता येते. जिथे भोक अटळ आहे तिथे ते मागच्या भिंतीत, विटांच्या भागात, डायमंड कोअर कटरने आणि बाहेरच्या अंगाला थोडा उतार देऊन घ्यावे. हातोडा-छिन्नीवाला माणूस दारातूनच परत पाठवावा.

आता सर्वांत मोठी चूक सांगतो. बहुतेक सोसायट्या ‘समोर नको’ असे ठरवतात आणि सगळी युनिटे मधल्या चौकात टांगतात. दीड टनाचे एक यंत्र घरातून सव्वापाच किलोवॅट उष्णता उचलते आणि स्वतः खाल्लेली दीड किलोवॅट वीज तीत घालून बाहेर फेकते. अशी दहा यंत्रे आठ-नऊ फूट रुंदीच्या चौकात पूर्ण ताकदीने चालली, तर न्हाणीघरातले दोन किलोवॅटचे चौतीस गीझर तिथे उघड्यावर चालू ठेवल्यासारखे आहे. गरम हवा वर चढते, वरच्या मजल्याचे यंत्र तीच हवा ओढून घेते आणि मे महिन्यात दुपारी बंद पडते. मग मालक सांगतो की यंत्रच खराब आहे, आणि आम्ही गॅस तपासत बसतो.

पाण्याकडेही कुणी लक्ष देत नाही. मुंबईच्या दमट हवेत दीड टनाचे यंत्र तासाला दीड-दोन लिटर पाणी काढते. रात्रभरात बादली भरते. सतरा सदनिकांच्या पाण्यासाठी स्वतंत्र उभी नळी हवी आणि आडव्या नळीला उतार हवा. उतार मिळतच नसेल तर छोटा पंप मिळतो, पण तो घरघरतो आणि कधीतरी बंद पडतो, म्हणून मी तो शेवटचा उपाय मानतो.

यंत्र घेण्याआधी एक फुकटचा उपाय करावा. आपल्या जुन्या लोखंडी चौकटीच्या खिडक्या मूळच्या असतील तर त्या काढून ॲल्युमिनियमच्या बसवू नका. फटींना पट्टी लावा, सांधे दुरुस्त करा, आतून जाड पडदा लावा. गळती थांबली की दोन टनाच्या जागी दीड टन पुरतो, आणि बाहेरचे यंत्र लहान झाले की लपवायलाही सोपे जाते. सर्वांचे मिळून वाढणारे विजेचे ओझे मीटर रूममधल्या जुन्या मुख्य केबलला झेपेल का, हे वीज कंपनीला विचारल्याशिवाय काहीही सुरू करू नका.

माजी_सचिव

आमची इमारत आपल्यापासून फार लांब नाही. आम्ही हे सगळे सहा वर्षांपूर्वी केले, म्हणून यंत्रांपेक्षा माणसांविषयी चार शब्द लिहितो.

आमच्या पहिल्या सर्वसाधारण सभेत ‘समोरची सर्व युनिटे तीन महिन्यांत हटवावीत’ असा ठराव कार्यकारिणीने मांडला आणि तो आपटला. ज्यांची युनिटे समोर होती त्यांनी ती रीतसर पैसे मोजून बसवलेली होती, आणि त्या वेळी सोसायटीने त्यांना अडवले नव्हते. पुढच्या वर्षी आम्ही ठराव बदलला. नवीन यंत्र समोर बसणार नाही. जुने यंत्र त्याचे आयुष्य संपेपर्यंत राहील. बदलण्याची वेळ आली की ते मागेच जाईल. आणि मागची चौकट, पाण्याची सामाईक नळी व भोके यांचा खर्च सोसायटी दुरुस्ती निधीतून करील. खाऱ्या हवेत बाहेरच्या यंत्राचे पत्रे आणि पंख्याभोवतीची जाळी इतक्या लवकर सडते की आम्हाला फार वाट पाहावी लागली नाही. आज आमच्या दर्शनी भागावर एकोणीसपैकी दोनच यंत्रे उरली आहेत, आणि त्यांपैकी एक माझ्या सख्ख्या शेजाऱ्याचे आहे, हे लिहिताना मला थोडी गंमत वाटते.

चूकही सांगतो. खर्च वाचवण्यासाठी ठेकेदाराने एसीच्या पाण्याची नळी मागच्या बिडाच्या जुन्या पावसाळी पाइपला जोडली. मार्च ते मे सगळे सुरळीत चालले. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गच्चीवरचा पालापाचोळा त्या पाइपमध्ये अडकला, आणि पावसाचे पाणी एसीच्या नळीतून उलटे चढून पहिल्या मजल्यावरील शयनगृहात, थेट यंत्राच्या तोंडातून पलंगावर आले. त्या घरातील वहिनींनी मला रात्री पावणेदोनला फोन करून एवढेच म्हटले, “भाऊ, तुमचा एसी पाऊस पाडतोय.” दुसऱ्या दिवशी स्वतंत्र नळी टाकण्याचा निर्णय एकमताने झाला, एवढे एकमत आमच्याकडे एरवी होत नाही.

आपल्या दुसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाशी भांडण वाढवू नये, असे मनापासून सुचवतो. ‘पहिले हलणारे यंत्र तुमचे असेल आणि हलवण्याचा खर्च सोसायटीचा’ असे म्हणून पाहा.

सदाशिवपेठी

विषय मुंबईचा असला तरी पुण्यातील आमच्या वाड्याचा एक अनुभव उपयोगी पडेल असे वाटते. आमच्या भिंती विटांच्या, आत लाकडी खांब आणि वर चुन्याचा गिलावा. खोलीत एसी बसवला तेव्हा शोभेसाठी आतून ऑइल पेंट मारला. पावसाळ्यात बाहेरची दमट हवा त्या जाड भिंतीतून आत येऊ पाहते, थंड झालेल्या आतल्या बाजूला पोचते आणि रंगाच्या पापुद्र्याला अडून तिथेच तिचे पाणी होते. दुसऱ्या श्रावणात रंगाला तळहाताएवढे फुगे आले, आणि टाचणी टोचली तर त्यातून पाण्याचा ओघळ निघाला. भिंतीत बसलेल्या खांबाची एक बाजू मऊ पडली होती. आता तिथे चुन्याची सफेदी आहे आणि यंत्र पंचवीसच्या खाली नेत नाही. आपली इमारत काँक्रीटच्या सांगाड्याची असली तरी मधल्या भिंती विटांच्याच असणार. रंगकाम काढणारच असाल तर एसीच्या खोल्यांत आतून प्लास्टिकसारखा चकचकीत रंग टाळावा.

एक तक्रार मात्र नोंदवतो. आम्ही खिडकीला जाळी लावली तरी विचारणा होते, आणि कित्येक जुन्या सरकारी कचेऱ्यांच्या दगडी कमानींत विंडो एसीसाठी चौकोन कापलेले आहेत. नियम सर्वांना सारखा असावा.

कोनमापी

सदाशिवपेठी, तक्रार रास्त आहे. परंतु कमानीत कापलेला चौकोन पुन्हा भरता येतो, हेही मी प्रत्यक्ष पाहिले आहे. एका कामात तर काढलेला दगड त्याच कचेरीच्या माळ्यावर पोत्यात गुंडाळून ठेवलेला सापडला. कुणा अज्ञात शिपायाने तो जपला होता.

थंडोबा यांचा चौकाविषयीचा इशारा मान्य. गच्चीवरच्या यंत्रांबाबत एक भर घालतो: चौकट थेट स्लॅबवर बोल्टने घट्ट करू नये, कारण जलरोधक थर फुटला की पाचव्या मजल्याचे छत गळते. खालच्या तुळयांच्या व खांबांच्या रेषेवर छोटे कट्टे करून, त्यांवर रबराच्या गाद्या ठेवून चौकट बसवावी. नाहीतर वरच्या घरात रात्रभर घुं-घुं ऐकू येते आणि वाद वारशावरून उठून झोपेवर येतो.

ओव्हलकर

सर्वांचे आभार. रविवारी आम्ही चौघे गच्चीवर गेलो आणि मागच्या बाजूने पितळी किल्ली बांधून सुतळी खाली सोडली. अंगणापर्यंत १९ मीटर ४० सेंटीमीटर भरले, म्हणजे सहा मजल्यांना मजल्यामागे सुमारे सव्वातीन मीटर; थंडोबा यांचा अंदाज बरोबर निघाला. नंतर एकाला बांबू देऊन मागे चालवले आणि मी मैदान ओलांडून पलीकडे उभा राहिलो. कठड्यापासून साडेचार मीटर आत गेल्यावर बांबूचे टोक दिसेनासे झाले. तिथे पाण्याच्या टाकीशेजारी जागा आहे, पण ती पाच-सहा यंत्रांपुरतीच आहे.

दुर्बिणीतूनही पाहिले. विंडो एसींच्या खालचे छज्जे आपण म्हणालात तसेच आहेत. दोन ठिकाणी सळई उघडी पडली आहे. त्यांचे फोटो काढून संरचना अभियंत्याकडे पाठवले असून, त्या दोन खिडक्यांखालच्या पदपथावर तोवर दोरी बांधली आहे.

दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांना माजी_सचिव यांनी सुचवल्याप्रमाणे विचारले. त्यांनी अँगल काढायला होकार दिला, मात्र मागच्या अंगणात जागा तयार होईपर्यंत यंत्र घरातच खोक्यात ठेवतो म्हणाले, आणि तोवर त्यांच्या मुलीची अभ्यासाची खोली कशी थंड ठेवायची असा प्रश्न केला. पहिल्या मजल्यावरच्या आजींनी आपल्या खोलीत तिच्यासाठी टेबल लावले आहे. विशेष सर्वसाधारण सभा पुढच्या महिन्यात आहे. आराखड्यासाठी वास्तुविशारदाची फी दुरुस्ती निधीतून द्यावी की सभासदांकडून वेगळी घ्यावी, याविषयी कुणाचा अनुभव असल्यास त्याआधी जरूर कळवावे.